नवी गाडी घेताना सायलेन्सरचीही चौकशी करा



गाडी घेणे ही आता फक्त साहेब लोकांची गोष्ट राहिलेली नाही. आपल्या वस्तीतला कुणी काळी-पिवळी चालवून घर चालवतो, कुणी भाजीपाला सोलापूरच्या मार्केटला न्यायला छोटा टेम्पो घेतो, कुणाच्या नोकरीवाल्या मुलाने हप्त्यावर मोटार घेतलेली असते. या गाडीत बापाची ग्रॅच्युइटी असते, आईचे दोन डाग मोडलेले असतात आणि वर पाच-सात वर्षांचे कर्ज असते. एवढा मोठा व्यवहार करताना शोरूममध्ये आपली माणसे चार प्रश्न विचारतात. किंमत किती? अॅव्हरेज किती? हप्ता किती? आणि रंग कोणता?

पाचवा प्रश्न कुणी विचारत नाही. तो असा की, "ही गाडी धुराच्या कोणत्या टप्प्याची आहे आणि तिच्या सायलेन्सरला काय काय जोडलेले आहे?" हा प्रश्न न विचारल्यामुळे कुणाची गाडी महिनोन् महिने नंबराविना दारात उभी राहते, तर कुणाला गाडी वर्षाची व्हायच्या आत हजारो रुपयांचे बिल येते. आम्ही कारकून माणसे. इंजिनातले आम्हाला मिस्त्रीइतके कळत नाही, पण कागद वाचता येतो. म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

दोन गावे, दोन नियम

आमचे अणदूर सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. पूर्वी याला ९ नंबरचा हायवे म्हणत, आता त्याचा नंबर ६५ आहे. नळदुर्ग ओलांडून सोलापूरला जायला आम्हाला तासभर लागतो. पण काही वर्षे या तासाभराच्या अंतरात मोटारीचा कायदा बदलत होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

झाले असे की, २०१० साली केंद्र सरकारने देशातील १३ मोठ्या शहरांसाठी 'भारत स्टेज-४' म्हणजे बी.एस.-४ हा धुराचा कडक नियम लागू केला. त्यात मुंबई आणि पुण्याबरोबर आपले सोलापूरही होते. बाकीच्या भागांना, म्हणजे आपल्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यालाही, त्याच वर्षी बी.एस.-३ हा त्याखालचा नियम लागला. म्हणजे सोलापूर शहरात एम.एच.-१३ नंबर घ्यायचा तर नवी मोटार बी.एस.-४ हवी आणि आपल्याकडे एम.एच.-२५ नंबर घ्यायचा तर बी.एस.-३ चालायची. एकाच कंपनीची, एकाच नावाची, बाहेरून एकसारखी दिसणारी मोटार. पण आतले सामान वेगळे.

डिझेलही वेगळे होते. बी.एस.-४ च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत गंधक फक्त ५० भाग, तर बी.एस.-३ च्या डिझेलमध्ये ३५० भाग. गंधक जास्त असले की धूर साफ करणारे उपकरण लवकर निकामी होते. त्यामुळे शहरासाठी बनवलेली गाडी खेड्यातल्या इंधनावर चालवली तर तिच्या महागड्या सामानाचा पुरता उपयोग होत नसे.

त्याआधीही हेच घडले होते. १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारा डबा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सक्तीचा झाला आणि त्यांच्यासाठी शिसे नसलेले पेट्रोल आले. देशात सगळीकडे बिनशिशाचे पेट्रोल मिळायला २००० साल उजाडले. मधल्या काळात मुंबईची मोटार गावाकडे आणून शिशाचे पेट्रोल भरले की तो डबा बाद होत असे.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याचे धुराचे नियम बाकीच्या देशाहून कडक आहेत. तिथला रहिवासी शेजारच्या राज्यातून स्वस्तात नवी गाडी घेऊन आला आणि ती कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे बनवलेली नसली, तर तिची नोंदणी होत नाही. ७,५०० मैलांपेक्षा कमी चाललेली गाडी तिथे नवीच धरतात. तेव्हा गाडी कुठे विकत घेतली एवढे पाहून चालत नाही, ती कुठे नोंदवायची आहे हेही आधी पाहावे लागते.

सवलतीचा मोह

आता म्हणाल, हा जुना इतिहास आम्हाला कशाला? तर याच टप्प्यांच्या बदलात गरिबाचा पैसा अडकतो म्हणून.

१ एप्रिल २०१७ पासून सगळ्या देशाला बी.एस.-४ लागू व्हायचे होते. कंपन्यांकडे बी.एस.-३ च्या सुमारे ८ लाख २४ हजार गाड्या विक्रीवाचून पडून होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी निकाल दिला की, १ एप्रिलपासून या गाड्या विकताही येणार नाहीत आणि नोंदवताही येणार नाहीत. ३१ मार्चपर्यंत विक्री झाल्याचा पुरावा असेल तेवढ्याच गाड्यांना नंबर मिळेल. लगेच मोटारसायकलींवर हजारो रुपयांची सूट निघाली आणि शोरूमपुढे रांगा लागल्या. ज्यांची पावती आणि विमा ३१ मार्चच्या आत पुरा झाला ते तरले.

पुढचा बदल याहून कडक होता. २४ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने न्यायालयाने सांगितले की, १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-४ गाडीची विक्रीही होणार नाही आणि नोंदणीही होणार नाही. म्हणजे नुसती पावती फाडून भागणार नव्हते, नंबरही त्याआधी पडायला हवा होता. त्यातच मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोरोनाची टाळेबंदी आली आणि आर.टी.ओ. कचेऱ्या बंद झाल्या.

आमच्या ओळखीच्या एका तरुणाने त्या मार्च महिन्यात सवलतीत माल वाहण्याची छोटी गाडी घेतली. "कागदपत्रे आठ दिवसांत करून देतो," असे त्याला सांगण्यात आले होते. आठ दिवसांचे पाच महिने झाले. न्यायालयाने ३१ जुलै २०२० रोजी अशा गाड्यांची नोंदणी थांबवली. मग १३ ऑगस्टला सांगितले की, दिल्ली परिसर सोडून इतरत्र, ३१ मार्चपूर्वी विकलेल्या आणि सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर चढवलेल्या गाड्या नोंदवता येतील. सुदैवाने त्याच्या गाडीचा तपशील पोर्टलवर चढलेला होता, म्हणून तो सुटला. पण ते पाच महिने गाडी ताडपत्रीखाली उभी होती, भाडे एक रुपयाचे नव्हते आणि कर्जावर व्याज चढत होते. सवलतीत वाचलेले पैसे त्या व्याजात आणि उसनवारीत गेले. पोर्टलवर नाव नसते तर घरात भंगार आले असते.

यातून एक गोष्ट घ्या. नवा नियम येणार असला की जुन्या टप्प्याची गाडी स्वस्त होते. ती घेणे गुन्हा नाही, पण नंबर कोणत्या तारखेच्या आत पडायला हवा हे विचारून, ती तारीख विक्रेत्याकडून लिहून घेतल्याशिवाय पैसे मोजू नका.

आजच्या गाडीत काय असते

१ एप्रिल २०२० पासून सगळ्या देशात बी.एस.-६ आहे, अणदूरलाही आणि मुंबईलाही. पाचवा टप्पा सरकारने गाळून टाकला. इंधनातले गंधक १० भागांवर आले. डिझेल मोटारीच्या धुरातल्या काजळीची मर्यादा बी.एस.-३ मध्ये दर किलोमीटरला ५० मिलिग्रॅम होती, बी.एस.-४ मध्ये २५ झाली आणि बी.एस.-६ मध्ये साडेचार. १ एप्रिल २०२३ पासून याच नियमाचा दुसरा भाग लागला. आता प्रयोगशाळेपुरती चाचणी पुरत नाही, प्रत्यक्ष रस्त्यावर चालवूनही धूर मोजतात.

म्हणून आज नव्या गाडीत "कोणता टप्पा" यापेक्षा "कोणते उपकरण आणि ते माझ्या धावेला झेपेल का" हा प्रश्न मोठा आहे. ही उपकरणे समजून घेऊ.

पेट्रोल आणि सी.एन.जी. गाडीत मुख्य भाग म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सायलेन्सरच्या नळीत हा डबा बसवलेला असतो. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले इंधन आणि नायट्रोजनचे विषारी वायू यांचे रूपांतर इथे कमी घातक वायूंत होते. जोडीला ऑक्सिजन सेन्सर असतो. इंधन आणि हवा योग्य प्रमाणात जळतात की नाही याची खबर तो गाडीच्या संगणकाला देतो.

डिझेल गाडीत पसारा मोठा असतो. काही धूर परत इंजिनात फिरवणारा ई.जी.आर. झडपेचा भाग असतो. मग येते डी.पी.एफ. म्हणजे काजळीची गाळणी. चहाच्या गाळणीत चोथा साठतो तशी तिच्यात काजळी साठते. फरक असा की, ही गाळणी आपण धुवायची नसते. ती ६०० अंश सेल्सियसच्या आसपास तापून साठलेली काजळी स्वतःच जाळते. त्यासाठी गाडी साधारण पंधरा-वीस मिनिटे एका चालीने, मोकळ्या रस्त्यावर धावावी लागते. नेमका वेग गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

इथेच आपली गफलत होते. ज्याची गाडी रोज सोलापूरला किंवा उमरग्याला जाते त्याची गाळणी हायवेवर आपोआप साफ होते. पण ज्याची गाडी दिवसभर गावातून स्टँडवर, स्टँडवरून वाडीवर अशी दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारते, तिची गाळणी तापतच नाही. मग काजळी साठते, दिवा लागतो, इंजिनाचा जोर कमी होतो आणि गाडी वर्कशॉपला न्यावी लागते. नवी गाळणी स्वस्त नसते. म्हणून आमचे सांगणे असे की, रोजची धाव लहान असेल तर पेट्रोल किंवा सी.एन.जी. पाहा. सी.एन.जी. घेण्याआधी पंप किती लांब आहे तेवढे मोजा. रोजची धाव लांब असेल तरच डिझेलचा विचार करा. "डिझेल स्वस्त, अॅव्हरेज जास्त" हा जुना हिशेब आता पुरा पडत नाही.

काही डिझेल गाड्यांना आणखी एक टाकी असते, निळ्या झाकणाची. तिच्यात डी.ई.एफ. नावाचे द्रव भरतात. बाजारात त्याला अॅडब्ल्यू म्हणतात. हे म्हणजे शुद्ध पाण्यात साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया. धुरातल्या नायट्रोजनच्या विषारी वायूंचा निकाल ते लावते. हे द्रव संपत आले की गाडी आधी इशारा देते आणि पूर्ण संपू दिले तर पुन्हा सुरू होत नाही. इथे एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. युरिया म्हटले की शेतातली गोणी आठवते आणि कुणीतरी तो पाण्यात कालवून टाकीत ओततो. तसे अजिबात करू नका. २०१५ पासून शेतीचा सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला येतो आणि त्यात इतर घटकही असतात. त्याने नळ्या आणि पंप चोंदून बसतात. शिवाय शेतकऱ्याच्या अनुदानाचे खत गाडीत ओतणे हा कायद्यानेही अपराध आहे.

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा असतो. धुराच्या उपकरणात बिघाड झाला की तो लागतो. चावी फिरवल्यावर क्षणभर लागून विझला तर ठीक. लागूनच राहिला तर गाडी दाखवा. त्या दिव्यावर चिकटपट्टी लावून गाडी चालवणारे ड्रायव्हर आम्ही पाहिले आहेत.

"काढून टाकू का?"

गाळणी चोंदली की काही मिस्त्री सांगतात, "काढून टाकू का? थोडक्यात काम होईल, अॅव्हरेजही वाढेल." कन्व्हर्टरच्या बाबतीतही असेच घडते. आत महाग धातू असल्याने जुना डबा काढून त्याजागी साधी नळी बसवली जाते आणि डबा परस्पर विकला जातो. गाडी गॅरेजला टाकली आणि सायलेन्सरचा भाग बदलला, तर जुना भाग मागून घ्या.

असे काम करून घेणे मालकाच्या अंगाशी येते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. कलम १८२-अ नुसार असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. धुराची मर्यादा ओलांडून गाडी चालवली तर कलम १९० (२) खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिन्यांसाठी लायसनही जाऊ शकते. लायसन हेच ज्याचे भाकरीचे साधन आहे त्याने या शेवटच्या शिक्षेचा विचार करावा.

कोणते कागद पाहावेत

आता आमच्या कारकुनी कामाकडे येऊ. नवी गाडी घेताना पुढील गोष्टी पाहा.

पहिला कागद फॉर्म २२. हा कंपनीचा दाखला असतो. गाडी धुराच्या कोणत्या नियमाप्रमाणे बनवली आहे हे त्यात चेसिस नंबर आणि इंजिन नंबरासह लिहिलेले असते. ते दोन्ही नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी आपल्या डोळ्यांनी ताडून घ्या. दुसरा फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला. त्यावरची तारीख पाहा. तिसरी गोष्ट, तयार बॉडीची नवी गाडी नोंदणीचा नंबर लागल्याशिवाय विक्रेत्याने ताब्यात देऊ नये असा आता कायदा आहे. "गाडी आज न्या, नंबर नंतर येईल," असे कुणी म्हटले तर नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिली हरकत नोंदणीचीच घेते आणि भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

चौथी गोष्ट, कोटेशनवर सही करण्याआधी दोन प्रश्न विचारा. कन्व्हर्टर आणि गाळणीला वॉरंटी किती वर्षांची, किती किलोमीटरची? आणि वॉरंटी संपल्यावर नवा भाग केवढ्याला पडतो? उत्तर कोटेशनच्या मागे लिहून सही-शिक्का घ्या. बँकेचे कर्ज असो की महात्मा फुले महामंडळाचे, हप्ता गाडी चालली तरी भरायचा असतो आणि बंद पडली तरी भरायचा असतो.

जुनी गाडी घेत असाल तर आर.सी. वर टप्पा लिहिलेला असतो, तो वाचा. एम-परिवहन या सरकारी अॅपवर गाडीचा नंबर टाकूनही तो दिसतो. परराज्यातली गाडी फार स्वस्त मिळाली तर जास्त सावध व्हा. २०२० साली आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात, भंगार म्हणून विकलेले बी.एस.-३ ट्रक नागालँडमध्ये बी.एस.-४ म्हणून नोंदवल्याच्या आरोपावरून गुन्हे दाखल झाले. असल्या गाडीत शेवटी पैसे बुडतात ते शेवटच्या खरेदीदाराचे. मूळ आर.टी.ओ. चे ना-हरकत पत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

पी.यू.सी. दाखलाही विसरू नका. नव्या गाडीला पहिले वर्ष तो लागत नाही. त्यानंतर बी.एस.-४ आणि बी.एस.-६ गाडीला वर्षातून एकदा, जुन्या टप्प्याच्या गाडीला दर सहा महिन्यांनी काढावा लागतो. गाडी तपासणीला न नेता घरबसल्या दाखला आणून देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. तपासणीत गाडी नापास झाली तर बिघाड आत्ताच कळतो आणि थोडक्यात भागतो.

धूर कुणाच्या छातीत जातो

शेवटी एक बोलायचे राहिले. कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी, धूर हवेतच तर जातो. पण हवेतला धूर आधी कुठे जातो हे पाहा. काच वर करून ए.सी. मध्ये बसलेल्याला तो लागत नाही. तो लागतो हायवेकडेला पेरूची पाटी घेऊन बसलेल्या बाईला, एस.टी. ची वाट पाहणाऱ्या शाळेच्या पोरांना, रस्त्याच्या कामावरच्या मजुराला, टायर पंक्चर काढणाऱ्याला आणि दिवसभर त्याच गाडीत बसणाऱ्या ड्रायव्हरला. रस्त्याला लागून घरे असतात ती बहुधा आपल्याच माणसांची. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये जाहीर केले आहे. गाळणी काढून टाकलेली गाडी आपल्याच आळीतून जाते आणि तिची काजळी आपल्याच लेकरांच्या छातीत बसते.

तेव्हा येत्या हंगामात घरात गाडी घ्यायचे घाटत असेल तर आपली रोजची धाव किती किलोमीटरची आहे ते आठ दिवस वहीत लिहून ठेवा. ती वही घेऊन शोरूममध्ये जा आणि पाचवा प्रश्न विचारा. सोबत घरातली शिकलेली मुलगी किंवा सून न्या, तिला कागद वाचायला लावा. फॉर्म समजला नाही तर घरी आणा, गावात कुणाकडून तरी वाचून घ्या. शोरूमवाला घाई करत असेल तरी आपण घाई करू नये. कागद पुरता कळल्यावरच सही करा.